रडवणारा सीन उलगडून बघायचा कसा

पिक्चर बघताना रडू आलं की आपण सगळे जवळजवळ तेच करतो, चष्मा पुसायला काढतो नाहीतर खोकल्यासारखं करतो, आणि लाइट लागले की "भारी होता पण" म्हणून बाहेर पडतो. मी गेली काही वर्षं घरी आल्यावर त्याच सीनकडे परत जायला लागलोय, नेमकं कुठल्या सेकंदाला घशात आवंढा आला आणि तो कोणी आणला ते शोधायला. पडद्यावर कुणीतरी मरतं आणि त्या मरणाभोवती कुणीतरी काहीतरी बोलतं, किंवा बोलायचं टाळतं, या दोन गोष्टी मिळून आपलं काय करतात ते हळूहळू कळायला लागतं. हे कसं करायचं ते लिहितोय, ज्यांना नुसतं बघायचंय त्यांच्यासाठीही आणि जे शॉर्ट फिल्म वगैरे बनवताहेत त्यांच्यासाठीही.

लागतं फार काही नाही. तुम्ही स्वतः रडलेला एक पिक्चर (दुसऱ्यानं सांगितलेला नको, तुमचाच हवा), दोन मोकळ्या संध्याकाळी, एक वही, आणि बऱ्यापैकी हेडफोन. नोट्स फोनवर नका घेऊ, एक मेसेज आला की सगळं गेलं.

पहिल्या संध्याकाळी पॉज करायचं नाही. अगदी नाही. पिक्चर सुरुवातीपासून लावायचा, डायरेक्ट त्या सीनला उडी मारायची नाही, कारण रडू त्या सीनमध्ये तयारच होत नाही, ते आधीच्या दीड तासात साठवलेलं असतं. फक्त घसा दाटला, अंगावर काटा आला, डोळे भरले की वहीत मिनिट टाकायचा आणि पुढे बघत राहायचं. दुसऱ्या दिवशी वही उघडा. बहुतेक वेळा दिसेल की माणूस पडद्यावर मेला तो मिनिट आणि तुमचा आवंढा यांचा टाइम जुळत नाही. आवंढा थोडा नंतरचा असतो, कधी कधी चांगला पाच मिनिटं नंतरचा. मला वाटतं याचं कारण साधं आहे. मेलेल्याचं सगळं संपलेलं असतं, आपण रडतो ते मागे राहिलेल्यासाठी. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर एकच प्रश्न मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, मागे कोण राहिलं आणि कॅमेरा त्याच्याकडे कधी वळला? पुढचं सगळं मी या एकाच प्रश्नाला धरून करतो.

एक सीन पूर्ण उलगडून दाखवतो म्हणजे पद्धत कळेल. 'शोले' घेऊ, १९७५ चा, रमेश सिप्पींचा, सलीम-जावेदनं लिहिलेला. जयच्या मरणाचा सीन सगळ्यांना पाठ आहे, पण मी म्हणतोय तो त्याच्या बराच आधीचा, अहमदचं प्रेत गावात येतं तो. अहमद म्हणजे आपला सचिन पिळगावकर, आणि त्याचे आंधळे वडील इमामसाहेब म्हणजे ए. के. हंगल.

आधी वहीत मागं जायचं, या मरणाची तयारी कुठे केली होती? अहमदला जबलपूरला विडी कारखान्यात नोकरी लागत्येय, पण आंधळ्या बापाला एकटं टाकून जायला तो तयार नाही, आणि बापच त्याला जा म्हणून मागे लागतो. सीन साधा आहे, घरगुती, पहिल्यांदा बघताना आपण तो विसरूनही जातो. पण नंतर जे होतं त्याचं सगळं वजन इथे ठेवलेलं आहे, कारण मुलगा बापानंच पाठवला म्हणून रस्त्यात सापडला. हे कुठलंही पात्र बोलून दाखवत नाही. बापाच्या मनात ते असणार हे आपल्याला माहिती असतं, बास.

आता मरण. ते दाखवलेलंच नाही. गब्बर पडलेला आहे, हातावर मुंगी चढतेय, तो ती चिरडतो आणि कट. पुढच्या वेळी अहमद दिसतो तो घोड्यावर टाकलेलं प्रेत म्हणून, सोबत गब्बरची चिठ्ठी. इथे वहीत लिहा, काय दाखवलं नाही. हा कॉलम फार महत्त्वाचा आहे, कारण जे दाखवत नाहीत ते आपण डोक्यात स्वतः तयार करतो आणि स्वतः तयार केलेलं जास्त टोचतं. १९४२ च्या 'बँबी'मध्ये हरणाच्या पाडसाची आई मरते तेव्हाही फक्त गोळीचा आवाज येतो, आईला पडताना आपण बघतच नाही, बघतो ते बर्फात हाका मारत फिरणारं पाडस. आणि ही आयडिया पाश्चात्त्यांचीच आहे असं नाही. नाट्यशास्त्रात भरतमुनींनी सांगून ठेवलंय की युद्ध, राज्य जाणं, मरण या गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, प्रवेशकातून कळवाव्यात, म्हणजे कुणीतरी येऊन सांगावं आणि ऐकणाऱ्याचं काय होतं ते प्रेक्षकानं बघावं. जुन्या संस्कृत नाटककार भासानं 'ऊरुभंग' नाटकात दुर्योधनाला रंगमंचावरच मरू दिलं, पण तो अपवाद म्हणूनच सांगतात. करुण रसाचा स्थायीभाव, म्हणजे त्याच्या मुळाशी असलेली भावना, शोक आहे, आणि शोक करायला जिवंत माणूस लागतो.

परत गावात येऊ. सगळे जमलेत, कुणी बोलत नाही, आणि इमामसाहेब काठी टेकत येतात आणि विचारतात, "इतना सन्नाटा क्यूँ है भाई?" या वाक्याचे आता इतके मीम झालेत की मूळ ठिकाणी ते काय करतं ते आपण विसरलोय, म्हणून मुद्दाम थांबतो इथे. तिथे जमलेल्या सगळ्यांना दिसतंय, थिएटरमधल्या सगळ्यांना दिसतंय, फक्त एका माणसाला दिसत नाहीये आणि तोच बाप आहे. तो प्रश्न विचारतो आणि उत्तर द्यायला कुणी तयार नाही. त्या मधल्या वेळात आपण त्या गावकऱ्यांसारखेच होतो, आपल्याला माहिती आहे पण सांगवत नाही. लेखकानं आपल्याला खुर्चीतून उचलून त्या गर्दीत उभं केलं, आणि त्यासाठी त्याला एक आंधळा माणूस आणि एक प्रश्न एवढंच लागलं.

आणि मग येतं बोलणं. चिठ्ठीत मागणी असते की जय-वीरूला आमच्या हवाली करा. गावकरी घाबरलेत, त्यांचंही चूक नाही, आम्ही साधी शेतकरी माणसं, हे ओझं किती दिवस उचलायचं असं ते म्हणायला लागतात. ठाकूर त्यांना समजावायला बघतो, मानानं जगण्याबद्दल बोलतो, मुद्दा बरोबर असतो पण गावावर काही परिणाम होत नाही. मग इमामसाहेब बोलतात. गावकऱ्यांच्या तोंडचा 'बोझ' हाच शब्द ते उचलतात आणि विचारतात, जगातलं सगळ्यात मोठं ओझं कुठलं माहितीये का, तर बापाच्या खांद्यावर मुलाचा जनाजा. मी म्हातारा ते उचलू शकतो आणि तुम्हाला एका संकटाचं ओझं उचलवत नाही? मुलगा माझा गेलाय, तरी हे दोघं गावात राहावेत असंच मी म्हणेन. तेवढ्यात अजान होते, ते नमाजाला निघतात, आणि जाता जाता म्हणतात की आज खुदाला विचारणार आहे, या गावावर शहीद व्हायला मला अजून दोन-चार मुलं का नाही दिलीस.

आता हे बोलणं हातानं वहीत उतरवून काढा. टाइप नका करू, लिहा. लिहिताना हात कुठे रेंगाळतो ते कळतं. नंतर परत परत आलेल्या शब्दाभोवती गोल करा. इथे तो शब्द 'बोझ' आहे, आणि तो समोरच्याचाच शब्द आहे, म्हणजे विरोधकाच्या हातातली काठी घेऊन त्यालाच आधार म्हणून परत दिली. मग बाजूला तीन गोष्टी लिहा. बोलणाऱ्याला बोलायचा हक्क कशानं मिळाला, त्याचा मुद्दा काय आहे, आणि तो आपल्या कुठल्या भावनेला हात घालतो. ॲरिस्टॉटलनं भाषणकलेच्या पुस्तकात हेच तीन भाग सांगितलेत, ईथॉस, लोगॉस, पॅथॉस, नावं लक्षात नाही राहिली तरी चालतील. ठाकूर आणि इमामसाहेब, दोघांचा मुद्दा जवळजवळ एकच आहे, बेइज्जतीनं जगण्यापेक्षा इज्जतीनं मेलेलं बरं. पण ठाकूर बोलतो तेव्हा गावाला वाटतं याला स्वतःचा सूड घ्यायचाय. इमामसाहेबांना त्या दिवशी सगळ्यात जास्त हक्क होता म्हणायचा की पुरे झालं, द्या त्या दोघांना. तो हक्क ते वापरत नाहीत. ते उलटं बोलतात म्हणून गाव गप्प होतं, आणि आपण पण.

माझा आवंढा मिनिटांच्या हिशेबात कुठे आहे सांगू? प्रेतापाशी नाही, ओझ्याच्या वाक्यालाही नाही. ते नमाजाला जायला वळतात तिथे. माणूस इतकं बोलून रोजच्या वेळेला रोजच्या कामाला निघाला. पंधरा-वीस वेळा तरी बघितला असेन हा सीन आणि तिथेच.

हा एवढा वेळ एका सीनवर घालवला कारण मेलेल्याच्या शेजारी उभं राहून केलेलं भाषण हा जगातला फार जुना प्रकार आहे आणि त्याची ताकद कळली की ती कुठे कुठे वापरतात ते दिसायला लागतं. याच्या अगदी उलट टोकाचा नमुना बघायचा असेल तर १९५३ चा 'ज्युलियस सीझर' बघा, जोसेफ मँकिविझचा, मार्लन ब्रँडो मार्क अँटनी आहे. शेक्सपिअरचं नाटक, सीझरचा खून झालाय, खुन्यांपैकी एक असलेला ब्रूटस लोकांना कारणं देऊन समजावून जातो, साधं गद्यात, लोकांना पटतंसुद्धा. आणि अँटनी सीझरचं प्रेत हातात उचलून पायऱ्यांवर येतो. शब्द सुरू व्हायच्या आधीच अर्धं काम झालं. मग तो म्हणतो मी स्तुती करायला आलोच नाहीये, ब्रूटस सन्माननीय माणूस आहे, आणि हे 'सन्माननीय' तो इतक्यांदा म्हणतो की दर खेपेला त्याचा अर्थ थोडा थोडा सडत जातो. मृत्युपत्र आहे म्हणतो आणि लगेच वाचत नाही. सीझरच्या अंगरख्याची भोकं दाखवतो, हे या खंजिराचं, हे त्या खंजिराचं. प्रेतावरचं वस्त्र त्यानंतर काढतो. आणि मला ब्रूटससारखं बोलता येत नाही हो, मी साधा माणूस, असंही सांगतो.

यात कॅमेऱ्यानं केलेली एक गोष्ट पॉज करून बघण्यासारखी आहे. माझं काळीज तिथे शवपेटीत आहे, मला जरा थांबू दे असं म्हणून अँटनी गर्दीकडे पाठ करतो. नाटकात प्रेक्षक गर्दीच्या बाजूला असतो. पिक्चरमध्ये कॅमेरा त्याच्या तोंडासमोर जातो, आणि आपल्याला दिसतं की हा माणूस रडत नाहीये, कान देऊन ऐकतोय, मागे गर्दी काय कुजबुजतेय, डाव लागला का. दुःख खोटं आहे असंही नाही, सीझरवर त्याचं प्रेम होतंच. पण दुःख खरं असूनही माणूस ते वापरू शकतो, हे एवढं स्पष्ट मी दुसऱ्या कुठे बघितलेलं नाही.

तर दोन्ही सीन पाठोपाठ बघा आणि वहीत अजून एक प्रश्न वाढवा, प्रेताशेजारी बोलणारा ऐकणाऱ्याकडून काय मागतोय? इमामसाहेब गावाकडे हिंमत मागतात आणि किंमत स्वतः आधीच मोजलीय. अँटनी दंगल मागतो आणि किंमत दुसरे मोजणार. हा प्रश्न विचारायची सवय लागली की पिक्चरच्या बाहेरही उपयोगी पडते, टीव्हीवर, सभेत, कुणाच्याही प्रेताचा फोटो दाखवून कुणी बोलायला लागलं की.

रशियन दिग्दर्शक आयझेनस्टाइनच्या १९२५ च्या 'बॅटलशिप पोटेमकिन'मध्ये तर भाषणाचीही गरज नाही. सडक्या मांसावरून खलाशी बंड करतात, त्यात त्यांचा पुढारी वाकुलिंचुक मारला जातो, आणि ओडेसाच्या धक्क्यावर त्याचं प्रेत ठेवतात, हातात मेणबत्ती आणि अंगावर एक कागद, एक चमचाभर सूपसाठी. तेवढ्या दोन-तीन शब्दांवर अख्खं शहर लोटतं. मूकपट होता, शब्द जपून वापरावे लागायचे. आपल्याकडेही सुरुवात मरणापासूनच झालीय तसं बघितलं तर. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र', ३ मे १९१३, गिरगावातलं कॉरोनेशन थिएटर. तारामती झाली होती अण्णा साळुंके आणि राजपुत्र झाला होता फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. स्मशानात मेलेलं पोर घेऊन आलेली आई आणि समोर नवराच डोंब बनून कर मागतोय, हे आख्यान कीर्तनातून ऐकलेलं, लोकांना आधीच पाठ. कीर्तनकार नेमका तिथे आणून थांबवतो, अभंग लावतो, लोकांना हुंदका द्यायला जागा देतो आणि मग पुढे जातो. गाण्याचं पिक्चरमधलं काम समजून घ्यायचं असेल तर एकदा चांगलं कीर्तन ऐका, खरंच सांगतो.

आता आवाजाकडे. दुसऱ्या संध्याकाळी तोच सीन दोनदा लावायचा, एकदा आवाज बंद करून आणि एकदा डोळे मिटून हेडफोनवर. आवाज बंद केल्यावर रडू कमी आलं तर समजायचं काम म्युझिक करत होतं, आणि डोळे मिटून सुद्धा आलं तर नक्कीच. यात कमीपणा काही नाही, पण माहिती पाहिजे. आवाज बंद असताना अजून एक करा, चेहऱ्याचे क्लोजअप मोजा आणि प्रत्येक क्लोजअपच्या आधी-नंतर काय दाखवलंय ते लिहा. रशियात लेव कुलेशॉव्ह या दिग्दर्शकानं मोझुखिन नावाच्या नटाचा तोच एक निर्विकार चेहरा एकदा सूपच्या ताटलीशेजारी, एकदा शवपेटीशेजारी, एकदा एका बाईच्या शॉटशेजारी जोडला, आणि बघणाऱ्यांना त्यात भूक दिसली, शोक दिसला, इच्छा दिसली. नटानं काहीच केलं नव्हतं. म्हणजे बऱ्याचदा पडद्यावरचं दुःख एडिटिंगच्या टेबलावर तयार होतं आणि ते पूर्ण आपण करतो.

पण आवाजाचा सगळ्यात मोठा धडा माझ्यासाठी 'सैराट' आहे. नागराज मंजुळे, २९ एप्रिल २०१६. पहिला भाग आठवा, अजय-अतुलचं म्युझिक कसं नुसतं वाहतंय, सिंफनी ऑर्केस्ट्रा हॉलिवूडला जाऊन रेकॉर्ड केलेला, विहीर, ऊस, बुलेट, सगळ्यावर वाद्यांचा पाऊस. पब्लिक पैसे उधळत होतं, पडद्यापुढे जाऊन नाचत होतं. नंतर आर्ची-परश्या पळून हैदराबादला जातात तिथे ते म्युझिक हळूहळू कमी होत जातं, भांडणं, भाड्याची खोली, नोकरी. आणि शेवटी आर्चीचा भाऊ आणि त्याच्यासोबतचे लोक घरी येतात, आईनं पाठवलेल्या वस्तू घेऊन, चहा होतो. त्या दोघांचं पोरगं शेजारणीबरोबर बाहेर गेलेलं असतं. पुढचं तुम्हाला माहितीये. आर्ची-परश्याचा खून दाखवलेला नाही. पोरगं परत येतं, आत जातं, आणि तिथून आवाजच बंद. म्युझिक नाही, किंकाळी नाही, पोराचं रडणंही ऐकू येत नाही. ते वळून बाहेर चालायला लागतं आणि मागे रक्तात उमटलेली छोटी पावलं.

मी हा सिंगल स्क्रीनला बघितला होता, गच्च भरलेलं थिएटर, आधीचे दोन-अडीच तास शिट्ट्यांनी दणाणलेलं. शेवटच्या त्या मिनिटात माझ्या पुढच्या रांगेतल्या माणसाच्या हातातली वेफर्सची पिशवी चुरचुरली तर ती अख्ख्या हॉलला ऐकू गेली असेल, त्यानं ती तशीच घट्ट धरून ठेवली, सोडली तर परत आवाज होईल म्हणून. लाइट लागल्यावरही तो लगेच उठला नाही.

इथे वहीतले सगळे कॉलम भरून बघा. मरण दाखवलं? नाही. भाषण? नाही. कुणी प्रेताशेजारी उभं राहून जातीबद्दल, प्रेमाबद्दल दोन वाक्यं बोलू शकलं असतं, दुसऱ्या कुणी पिक्चर काढला असता तर पोलीस इन्स्पेक्टरच्या तोंडी घातलीही असती. मागे कोण राहिलं? ज्याला अजून बोलता येत नाही असं पोर. म्हणजे 'शोले'त ज्याला दिसत नाही तो आणि इथे ज्याला सांगता येत नाही तो. आणि जो मुद्दा बोलायचा होता तो बोलायची जबाबदारी थिएटरमध्ये बसलेल्यांवर टाकून दिली. मला तर हेच या पिक्चरचं सगळ्यात मोठं भाषण वाटतं, आवाज काढून घेऊन केलेलं, आणि ते जमलं कारण आधी आपल्या कानांना भरपूर दिलं होतं. सुरुवातीपासूनच शांत पिक्चर असता तर ही शांतता ऐकू आली नसती.

'आनंद' बघताना वेगळं काहीतरी शोधायचं, मरण माहिती कधी होतं. १९७१ चा, हृषिकेश मुखर्जींचा. पहिल्याच सीनमध्ये डॉक्टर भास्कर आनंदवर लिहिलेल्या पुस्तकासाठी बक्षीस घेतोय, म्हणजे राजेश खन्ना पडद्यावर यायच्या आधीच तो गेलेला आहे. सस्पेन्स पूर्ण काढून टाकला. त्यामुळे त्याचा प्रत्येक जोक आपण दोन कानांनी ऐकतो, एका कानानं हसतो आणि दुसऱ्या कानानं हा किती दिवस म्हणून मोजत राहतो. शेवटी भास्कर पोचतो तोवर उशीर झालेला असतो, तो मेलेल्या मित्रावर ओरडतो की बोल, माझ्याशी बोल, आणि टेपरेकॉर्डरमधून आनंदचा आवाज येतो, "बाबूमोशाय!" टेप त्या दोघांनी आधी मस्ती करताना भरलेली आपण बघितलेली असते, म्हणून ती जादू वाटत नाही, खरी वाटते. असल्या वस्तूंची वेगळी यादी करा, आधी हसत ठेवलेली आणि नंतर रडवणारी वस्तू. 'शोले'त जयचं नाणं तसंच. आख्खा पिक्चरभर टॉस होतो आणि दोन्ही बाजू सारख्याच आहेत हे वीरूला कळतं तेव्हा जय गेलेला असतो, म्हणजे तो मरायला मुद्दाम मागे थांबला होता. एक शब्द न बोलता पूर्ण युक्तिवाद त्या नाण्यात आहे.

मरण नसलं तरी ही पद्धत चालते. संदीप सावंतांचा 'श्वास' (२००४) लावून बघा, नातवाचे डोळे जाणार आहेत, आजोबांना कळलंय, आणि ऑपरेशनच्या आधी ते पोराला हॉस्पिटलबाहेर नेतात, बघून घे म्हणून. काय जाणार ते आधी कळलंय, सहन करणारा समोर आहे, आणि ते सांगायचं कसं हाच पिक्चर.

एक गोष्ट मात्र मला मनापासून खटकते आणि ती ओळखायला शिकाच. कितीतरी पिक्चरमध्ये पहिल्या वीस मिनिटांत हिरोची बहीण नाहीतर बायको मारतात, तिच्या अंगावर खर्ची घातलेला वेळ मोजला तर एक गाणं आणि एक वाढदिवस, आणि त्यानंतर हिरोला जे काही करायचंय त्याचा परवाना मिळाला. ती कोण होती, तिला काय हवं होतं, काही नाही. ओळखायची टेस्ट सोपी आहे, ती मेल्यानंतर तिची आठवण म्हणून पिक्चरमध्ये काय येतं ते बघा. फक्त तिचं मरणच परत परत दाखवत असतील, ती जगत होती तेव्हाचं एकही बारीकसं काही येत नसेल, तर तुमच्याकडून रडू उसनं घेऊन त्याची मारामारी विकत घेतलीय. थिएटरमध्ये त्या मारामारीला आपण शिट्ट्या वाजवतो तेव्हा आपण अँटनीच्या गर्दीत उभे असतो.

बनवणाऱ्यांसाठी माझा स्वतःचा अनुभव सांगतो, कारण यातलं बरंचसं मी चुकूनच शिकलोय. मी एक बारा मिनिटांची शॉर्ट फिल्म केली होती, आजोबा-आजी, आजोबा जातात. पहिल्या कटमध्ये आजोबा खाटेवरून जवळजवळ दोन मिनिटं बोलतात, आयुष्य, संसार, तुला काही देऊ शकलो नाही, आणि खाली सारंगी. लिहिताना मी स्वतः रडलो होतो म्हणून खात्री होती. ओळखीच्या दहा-बारा जणांना दाखवली, कुणाचे डोळे ओले झाले नाहीत. एका मावशींनी फक्त विचारलं, त्या बाईचं पुढे काय झालं हो? तो प्रश्न घेऊन मी दोन महिने बसलो. माझा कॅमेरा पूर्ण वेळ जाणाऱ्यावर होता, आजीला मी चार शॉट दिले होते आणि त्यातल्या दोनमध्ये तिची पाठ होती.

मग सगळं भाषण काढलं. सारंगी काढली. सुरुवातीला एक साधी गोष्ट टाकली, दुपारी आजी सिरियल लावते, आतल्या खोलीत आजोबा झोपलेले, ती रिमोटनं आवाज कमी कमी करत नेते, अगदी पुटपुटण्याइतका, आणि टीव्हीच्या जवळ पाट ओढून बसते. एवढंच, त्यावर कुणी काही बोलत नाही. आजोबांचं जाणं दाखवलंच नाही, दारातल्या चपला दाखवल्या. लोक येऊन गेलेत, तेरावं झालंय, घरात कुणी नाही. आजी दुपारी सिरियल लावते, आवाज मोठा येतो, तिचा हात रिमोटकडे जातो आणि ती आवाज कमी करत नेते, पुटपुटण्याइतका. मग आतल्या खोलीच्या दाराकडे बघते. आवाज परत वाढवत नाही. पाट ओढते.

तो शेवटचा शॉट एकवीस सेकंदांचा ठेवलाय. एडिट करणारा मित्र म्हणाला लांब होतोय, पाच सेकंद कापू. कापून बघितले, परत जोडले.